रस्ते बांधणारा, रस्ते थांबवणारा : जॉन व्होल्पी



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. याच महिन्यातला तिसरा रविवार रस्ते अपघातांत बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ जगभर पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली त्याला मान्यता दिली. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात १,६८,००० हून अधिक माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. आकडा मोठा वाटतो, पण ज्या घरातून सकाळी मोटारसायकलवर गेलेला मुलगा संध्याकाळी परत आला नाही, त्या घराला आकड्याची गरज नसते.

रस्ता कोण बांधतो, कोणासाठी बांधतो आणि त्याची किंमत कोण देतो, हा प्रश्न म्हणून आम्ही आज घेतला आहे. त्यासाठी एका माणसाचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत. एरवी आपण संतांची चरित्रे वाचतो. जॉन व्होल्पी हे संत नव्हते. ते अमेरिकेतील कॅथलिक प्रापंचिक, व्यवसायाने बांधकाम कंत्राटदार, पुढे एका राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रमुख, राज्यपाल आणि देशाचे वाहतूकमंत्री. नित्य मिस्साला जाणारा हा राजकारणी होता. त्यांच्या हातून पुष्कळ चांगले झाले, काही असेही झाले की ज्याचे ओरखडे पन्नास वर्षे राहिले. दोन्ही सांगितले पाहिजे.

जॉन अँथनी व्होल्पी यांचा जन्म ८ डिसेंबर १९०८ रोजी, म्हणजे अमलोद्भव मातेच्या सणाच्या दिवशी, मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेकफील्ड या गावी झाला. आईवडील व्हितो आणि फिलोमिना हे इटलीच्या आब्रुत्सो या डोंगराळ भागातून आलेले गरीब स्थलांतरित. १९०५ साली जहाजाने ते बोस्टनला उतरले आणि प्रथम तेथील नॉर्थ एंड या वस्तीत राहिले. नॉर्थ एंड म्हणजे बोस्टनमधले इटालियनांचे घर. अरुंद गल्ल्या, खालच्या मजल्यावर दुकाने, वर दाटीवाटीने बिऱ्हाडे, आणि सणाच्या दिवशी संतांच्या मूर्तींची मिरवणूक. ही वस्ती वाचकांनी लक्षात ठेवावी. (जाता जाता, इटालियन भाषेत व्होल्पी म्हणजे कोल्हा. त्यांच्या विरोधकांनी याचा उपयोग केला नसेल असे आम्हाला वाटत नाही.)

घरचा धंदा गिलाव्याचा. पोरगा थापी आणि घमेले घेऊनच वाढला. बोस्टनच्या वेंटवर्थ इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी बांधकामाचे शिक्षण घेतले आणि १९३० च्या दशकात, मंदीने धंदे बुडत असताना, स्वतःची बांधकाम कंपनी काढली. १९३४ साली जेनी बेनेदेत्तो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एक मुलगी आणि एक मुलगा ही त्यांची संतती. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात स्वेच्छेने दाखल झाले. तेथे 'सीबी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बांधकाम पलटणींना प्रशिक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे होते. युद्धानंतर कंपनी पुन्हा उभी राहिली आणि चांगलीच वाढली.

१९५३ साली राज्यपाल ख्रिश्चन हर्टर यांनी त्यांना मॅसॅच्युसेट्सच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे आयुक्त नेमले. राज्यातील महामार्ग, पूल, त्यांची आखणी, त्यांची कंत्राटे हे सारे या खात्याकडे. कंत्राटदारालाच कंत्राटे वाटणाऱ्या खात्याच्या गादीवर बसवले की लोक भुवया उंचावणारच, आणि ते योग्यच आहे. पण माल कसा मिसळतात आणि बिलात वाळू किती अन् सिमेंट किती लिहितात हे ठाऊक असलेला प्रमुख असण्याचे फायदेही असतात.

तो काळ समजून घेतला पाहिजे. युद्ध संपले होते, घरोघरी मोटारी आल्या होते, लोक शहराबाहेर राहायला जात होते. बोस्टनला बाहेरून वळसा घालणारा १२८ क्रमांकाचा महामार्ग (तो व्होल्पींच्या वेकफील्डमधूनच जातो) नुकताच बांधला जाऊ लागला होता. आणि शहराच्या पोटातून जाणारा उंच, खांबांवरचा सेंट्रल आर्टरी हा रस्ता १९५१ सालीच सुरू झाला होता. व्होल्पींच्या वाट्याला तो पुढे नेणे आले. त्या एका रस्त्यासाठी सुमारे २०,००० लोकांना घरे सोडावी लागली असे सांगितले जाते. नॉर्थ एंड ही वस्ती आणि बाकीचे शहर यांच्यामध्ये हिरव्या रंगाची लोखंडी भिंत उभी राहिली. ज्या गल्ल्यांत त्यांच्या आईवडिलांनी अमेरिकेतील पहिली चूल पेटवली, त्या गल्ल्या शहरापासून तोडणारे काम त्यांच्याच खात्याच्या शिक्क्याने झाले. पुढे चायनाटाउनकडच्या बाजूला लोकांचा संताप इतका वाढला की दक्षिणेकडचा तुकडा जमिनीखालून, भुयारातून न्यावा लागला.

त्या वेळी हे कोणाला पाप वाटत नव्हते. रस्ता म्हणजे प्रगती, आणि वाटेत येणारी जुनी घरे म्हणजे नकाशावरचे डाग, अशी अभियंत्यांची समजूत होती. ती केवळ अमेरिकेत होती असे समजू नये. आपल्या गावात मोजणीदार येऊन वाडीत खुणेचे दगड रोवू लागला की काय होते, आणि रुंदीकरणात वाटेवरचा क्रूस हलवायची वेळ आली की आजीची कशी घालमेल होते, हे आपल्याला ठाऊक आहे.

१९५६ हे वर्ष व्होल्पींच्या आयुष्यात वळणाचे. त्या वर्षी २९ जून रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्गांच्या प्रसिद्ध कायद्यावर सही केली. ४१,००० मैल, म्हणजे सुमारे ६६,००० किलोमीटर लांबीचे आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायचे होते. त्यातला नव्वद टक्के खर्च केंद्र सरकार देणार होते आणि त्यासाठी पेट्रोलवरच्या कराचा स्वतंत्र निधी राखून ठेवला होता. हा निधी केवळ महामार्गांसाठीच वापरायचा, ही मेख पुढे महत्त्वाची ठरते. एवढ्या अवाढव्य कामावर देखरेख करण्यासाठी फेडरल महामार्ग प्रशासक हे नवे पद निर्माण झाले. पहिले प्रशासक म्हणून ऑक्टोबर १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांनी व्होल्पींना बोलावले. ती नेमणूक हंगामी होती. फेब्रुवारी १९५७ मध्ये त्यांनी सूत्रे बर्ट्रम टॅलमी यांच्याकडे सोपवली. काही महिन्यांचीच गोष्ट, पण गिलावा करणारा मुलगा जगातील सर्वांत मोठ्या रस्तेबांधणीच्या पहिल्या टेबलावर बसला होता.

त्यानंतर राजकारण. १९६० साली जॉन केनेडी हे पहिले कॅथलिक अध्यक्ष निवडून आले, ते याच राज्याचे. केनेडींच्या डेमोक्रॅटिक पक्षाला राज्याने भरभरून मते दिली, आणि त्याच मतदारांनी राज्यपाल म्हणून मात्र रिपब्लिकन व्होल्पींना निवडले. १९६२ साली ते अगदी थोडक्या मतांनी हरले, १९६४ साली पुन्हा जिंकले, आणि १९६६ साली राज्याच्या इतिहासातील चार वर्षांच्या मुदतीचे पहिले राज्यपाल झाले.

या कारकिर्दीतील एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. ऑगस्ट १९६५ मध्ये त्यांनी शाळांतील वांशिक असमतोलाविरुद्धच्या कायद्यावर सही केली. ज्या सरकारी शाळेत अर्ध्याहून अधिक मुले गोरेतर असतील, तिथली विभागणी मोडून मुलांना एकत्र आणणे त्यामुळे बंधनकारक झाले. अशा प्रकारचा हा देशातला पहिला कायदा. बोस्टनच्या शाळामंडळाने तो नऊ वर्षे अंमलात येऊ दिला नाही, आणि १९७४ साली न्यायालयाने जबरदस्ती केली तेव्हा शहरात दंगली झाल्या. मुलांच्या बसगाड्यांवर दगड मारणाऱ्यांत मिस्साला जाणारे कॅथलिक पुष्कळ होते. हे लिहिताना लाज वाटते, पण झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

रस्त्यांच्या बाबतीत मात्र राज्यपाल व्होल्पी अजून जुनेच व्होल्पी होते. बोस्टन, केंब्रिज आणि रॉक्सबरी येथील दाट वस्त्यांतून जाणारा 'इनर बेल्ट' नावाचा मार्ग बांधायचाच, असा त्यांच्या सरकारचा आग्रह होता. रॉक्सबरीत कृष्णवर्णीयांची घरे पाडून पट्टाच मोकळा करण्यात आला. लोक संघटित झाले. त्या आंदोलनात पॅरिशमधले कॅथलिक धर्मगुरूही होते. जानेवारी १९६९ मध्ये महामार्गाआधी माणसे, असे म्हणत त्यांनी राज्याच्या विधानभवनावर मोर्चा नेला, तेव्हा व्होल्पी नुकतेच वॉशिंग्टनला गेले होते. त्यांच्या जागी आलेले फ्रान्सिस सार्जंट हे एकेकाळी त्यांच्याच सरकारात बांधकाम आयुक्त होते. त्या सार्जंटनी फेब्रुवारी १९७० मध्ये शहरातली नवी महामार्गाची कामे थांबवली.

वॉशिंग्टनला ते कसे गेले तेही थोडक्यात सांगू. १९६८ साली निक्सन यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून व्होल्पींचे नाव चर्चेत होते. निवड झाली ती मेरीलँडचे राज्यपाल स्पायरो ॲग्न्यू यांची. पाच वर्षांनी ॲग्न्यू यांना राजीनामा द्यावा लागला. मेरीलँडमधील सरकारी कामे मिळवणाऱ्या अभियंत्यांकडून पैसे घेतल्याचे प्रकरण होते. व्होल्पींच्या पदरी पडले ते वाहतूक खाते. हे खाते १९६७ साली सुरू झालेले, आणि व्होल्पी त्याचे दुसरे मंत्री.

पर्यावरणवाद्यांनी कपाळाला हात लावला. कंत्राटदार आणि महामार्गांचा पुरस्कर्ता! आता काँक्रीटला अंत नाही, असे सर्वांना वाटले. घडले ते वेगळेच.

न्यू ऑर्लीन्स शहराच्या जुन्या फ्रेंच वस्तीसमोर, नदीकाठाने, खांबांवरून जाणारा एक महामार्ग योजला होता. ती कल्पना न्यूयॉर्कच्या रॉबर्ट मोझेस यांनी १९४६ साली मांडलेली. जॅक्सन चौक आणि त्यावरचे सेंट लुईस कॅथीड्रल यांच्यासमोरून मोटारी घोंघावत गेल्या असत्या आणि नदी दिसेनाशी झाली असती. शहराचा महापौर, व्यापारी, राज्याचे अभियंते सगळे रस्त्याच्या बाजूने. जुलै १९६९ मध्ये, मंत्री होऊन सहा महिने झाले असताना, व्होल्पींनी तो रस्ता रद्द केला. त्यांनी दिलेले कारण असे की, त्या वस्तीचे ऐतिहासिक रूप बिघडेल. ज्या माणसाने नॉर्थ एंडसमोर असाच रस्ता पुढे नेला होता, त्यानेच हे ठरवले. त्यांच्या मनात तेव्हा आपल्या आईवडिलांची वस्ती होती की नाही, हे देवच जाणे.

जानेवारी १९७० मध्ये फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत जगातला सर्वांत मोठा विमानतळ बांधण्याचा बेत सरकारने गुंडाळला, त्यातही त्यांचा हात होता. एक धावपट्टी तयार झाली होती. बाकीच्या झाल्याच नाहीत.

पण माणूस एका दिवसात बदलत नाही. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात ओव्हर्टन पार्क नावाचे ३४२ एकरांचे उद्यान आहे, जुन्या वनराईचे. त्याच्या मधून सहा पदरी महामार्ग जाणार होता आणि २६ एकर जागा खाणार होता. न्यू ऑर्लीन्सचा रस्ता रद्द करणाऱ्या व्होल्पींनी त्याच वर्षाच्या अखेरीस या रस्त्याला मात्र मंजुरी दिली, तीही कारणे न सांगता. मूठभर नागरिक वर्षानुवर्षे विरोध करत होते. त्यांच्यात वयस्क स्त्रिया होत्या, आणि त्यांची टिंगलही होत असे. त्यांनी मंत्र्यांविरुद्ध दावा लावला तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २ मार्च १९७१ रोजी निकाल लागला. कायद्याने सार्वजनिक उद्यानातून रस्ता नेता येतो तो दुसरा कोणताही शक्य आणि शहाणपणाचा मार्ग नसेल तरच. मंत्र्यांनी हे तपासले आहे का, हे न्यायालये पाहू शकतात, आणि पाहिलेच पाहिजे, असे न्यायमूर्तींनी ठरवले. हा खटला अमेरिकेतील कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो, आणि त्याच्या नावात प्रतिवादी म्हणून व्होल्पींचे नाव कायमचे कोरले गेले आहे.

येथे आम्हाला सेमिनरीतील तत्त्वज्ञानाचे वर्ग आठवतात. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचे विवेचन करताना त्याची अंगे सांगितली आहेत. त्यांत स्मरण आहे, दूरदृष्टी आहे, सावधपणा आहे; आणि एक अंग असे आहे की जे अधिकाऱ्यांच्या अंगी फारसे दिसत नाही, ते म्हणजे दुसऱ्याकडून शिकून घेण्याची तयारी. प्रत्येक प्रसंगाची सारी बाजू एकट्या माणसाला दिसू शकत नाही, म्हणून अनुभवी आणि वयस्कांचे ऐकावे, असे थॉमस म्हणतात, आणि मोठ्या पदावरच्या विद्वानालाही ते चुकत नाही. मेम्फिसच्या त्या वयस्क बायांना थॉमस ठाऊक असतील असे नाही. पण न्यायालयाने मंत्र्यांकडून जे मागितले ते हेच होते. प्रकरण फिरून पुन्हा व्होल्पींच्या टेबलावर आले, आणि जानेवारी १९७३ मध्ये, पद सोडण्यापूर्वी दोनेक आठवडे, त्यांनी उद्यानातून जाणारा मार्ग नाकारला. तो महामार्ग आजतागायत त्या उद्यानातून गेलेला नाही. मंत्र्याला आपलीच सही खोडावी लागली, आणि त्यांनी ती खोडली.

बाकीची कामे भराभर सांगतो. ऑक्टोबर १९७० मध्ये शहरांतील बस आणि रेल्वे यांना केंद्राची मोठी मदत देणारा कायदा झाला. त्याच महिन्यात प्रवासी रेल्वे वाचवण्यासाठी सरकारी महामंडळाचा कायदा झाला. व्हाइट हाउसमधले अनेकजण नाखूश असताना व्होल्पींनी तो धसास लावला. १ मे १९७१ रोजी, श्रमिक संत जोसेफच्या सणाला, 'ॲमट्रॅक'च्या गाड्या धावू लागल्या. पहिल्याच दिवशी जुन्या गाड्यांपैकी जवळपास निम्म्या बंद झाल्या हेही खरे, आणि ज्या गावांची गाडी गेली त्या गावांनी त्यांचे आभार मानले नसणार. केंब्रिजमधील 'नासा'चे संशोधन केंद्र बंद होत होते, ते त्यांनी वाहतूक संशोधनासाठी आपल्या खात्याकडे घेतले. १९९० साली त्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

मोटारीत हवेच्या पिशव्या, म्हणजे आज आपण एअरबॅग म्हणतो त्या, सक्तीने बसवाव्यात म्हणून ते मोटार कंपन्यांशी भांडले. त्या वेळी अमेरिकेच्या रस्त्यांवर वर्षाला पन्नास हजारांहून अधिक माणसे मरत होती. एप्रिल १९७१ मध्ये हेन्री फोर्ड दुसरे आणि ली आयकोका थेट अध्यक्षांना भेटले, आणि नियम पुढे ढकलला गेला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती सक्ती सर्व नव्या मोटारींना लागू झाली. मधल्या वर्षांत किती जीव गेले याचा हिशेब कोणी कंपनीकडे मागितला नाही.

आणि ती मेख! पेट्रोलकराचा निधी केवळ महामार्गांसाठी होता. म्हणून शहराला पैसा हवा असेल तर महामार्ग मागावा लागे, लोकांना बस हवी असली तरी. १९५६ साली त्या निधीचे पहिले राखणदार असलेल्या व्होल्पींनीच मार्च १९७२ मध्ये तो बस आणि रेल्वेसाठी खुला करावा असे सुचवले. महामार्गवाल्यांना हा विश्वासघात वाटला. ऑगस्ट १९७३ मध्ये कायदा झाला तेव्हा ते मंत्री राहिले नव्हते. त्या कायद्याचा सर्वांत मोठा लाभ बोस्टनलाच झाला. रद्द झालेल्या महामार्गांचे पैसे लोकल रेल्वेला वळले. रॉक्सबरीत घरे पाडून मोकळ्या केलेल्या त्या पट्ट्यावरून १९८७ पासून लोकल धावते, आणि तिच्या कडेने लांबच लांब बाग आहे. पाडलेली घरे अर्थातच परत आली नाहीत.

१९७३ ते १९७७ ते इटलीत अमेरिकेचे राजदूत होते. गिलावा करणाऱ्याचा मुलगा रोमला राजदूत म्हणून परतला, याचे त्यांच्या घरच्यांना किती अप्रूप वाटले असेल! तेथील सरकारात कम्युनिस्टांना घेऊ नये असे ते उघड बोलत, त्यामुळे त्यांच्यावर टीकाही झाली. राजदूताने जिभेला थोडा आवर घालावा असे आम्हालाही वाटते. मे १९७६ मध्ये फ्रिउली भागात भूकंप झाला आणि सुमारे हजार माणसे गेली, तेव्हा अमेरिकी मदतीतून तेथे शाळा आणि वृद्धांसाठी घरे उभी राहिली.

१९८२ साली, वयाच्या चौऱ्याहत्तरीकडे झुकताना, त्यांनी अध्यक्ष रेगन यांच्या विनंतीवरून दारू पिऊन वाहन चालवण्याच्या प्रश्नावरील राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद घेतले. दारू पिण्याचे किमान वय देशभर एकवीस असावे, ही आयोगाची शिफारस होती, आणि तसा कायदा जुलै १९८४ मध्ये झाला. लग्नाच्या हळदीनंतर मध्यरात्री मोटारसायकलला किक मारणाऱ्या आमच्या तरुणांनी या आयोगाविषयी जरा वाचावे, एवढेच येथे म्हणतो.

११ नोव्हेंबर १९९४ रोजी नाहंट या समुद्रकाठच्या गावी त्यांनी देह ठेवला. त्यांना जन्मगावी, वेकफील्डच्या दफनभूमीत मूठमाती देण्यात आली. तोवर बोस्टनमध्ये सेंट्रल आर्टरीच्या खाली भुयार खणण्याचे काम सुरू झाले होते. २००३ साली वाहने त्या भुयारातून जाऊ लागली आणि वरचा हिरवा लोखंडी रस्ता तोडून टाकण्यात आला. त्या जागी बागांचा पट्टा तयार झाला, तो २००८ साली लोकांसाठी खुला झाला. आज नॉर्थ एंडमधून बाजाराकडे जाणारी माणसे त्या बागेतून चालत जातात.